फुकटचा पाऊस

(दृश्य : साक्री तालुका. पांझरा नदीवरचा फड बंधारा. भर दुपार.)

फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' वाचायची तर मे महिन्यात, धुळ्यात. कादंबरी १९६५ ची, अवघड म्हणून प्रसिद्ध. मागे शब्दार्थ, परिशिष्टं. माणसं तोंडानं एक बोलतात, मनात दुसरंच चालू. पण घसा कोरडा पडलेला असला की निम्मी कादंबरी आपोआप कळते. अराकिस या वाळवंटी ग्रहावर फ्रेमेन लोक घामसुद्धा वाया जाऊ देत नाहीत. मेलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी टोळीच्या साठ्यात जमा होतं. झुंजीत कादंबरीचा नायक पॉल याच्या हातून जामिस हा फ्रेमेन मरतो आणि पॉलच्या डोळ्यांतून पाणी येतं, तेव्हा सगळे थक्क : हा मेलेल्याला पाणी देतोय!

(दृश्य : पाट, चाऱ्या, उसाचा फड.)

पांझराकाठी हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथली फड पद्धत ३०० वर्षांहून जुनी. फड म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांचा गट. नदीला पाणी किती ते बघून यंदा कोणता फड भिजवायचा, कोणता कोरडा ठेवायचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. शेतात पाणी सोडणार पाटकरी. शेत आपलं असलं तरी दारं आपण धरायचं नाही.

(दृश्य : जुन्या थिएटरची बंद तिकीट खिडकी.)

याच कादंबरीवरचा १९८४ चा चित्रपट डेव्हिड लिंचचा. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर, लांबी १३७ मिनिटं. मनातलं बोलणं कुजबुजीत ऐकवलं. काही थिएटरांत तर प्रेक्षकांच्या हातात शब्दार्थांचा छापील कागद ठेवला. सिनेमाला आलो की पेपरला? थिएटरातल्या प्रतीत जामिस नाहीच, म्हणजे ते अश्रूही नाहीत. तेही चालवून घेतलं असतं. नेपथ्य आजही बघावं असं आहे, आणि अंतिम संकलन लिंचच्या हातात नव्हतं.

पण शेवटी पॉल जिंकतो आणि धो धो पाऊस कोसळतो.

कादंबरीत पाणी म्हणजे वाळूतल्या महाकाय किड्यांना विष, आणि साऱ्या साम्राज्याला लागणारा मसाला त्या किड्यांपासूनच. म्हणून तिथं ग्रह हिरवा करायचा बेत शतकांचा : आधी गवतानं वाळू धरायची, दव साठवायचं, काही मुलूख मुद्दाम कोरडा राखायचा. हर्बर्टला हे सुचलं ते ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर गवत लावून वाळू थोपवायचं काम बघून. हा सगळा हिशेब चित्रपटानं एका सरीत वाहून नेला.

पुढं टीव्हीसाठी लांबवलेल्या आवृत्तीवरून लिंचनं स्वतःचं नाव काढून घेतलं. पाऊस मात्र कुणी काढला नाही.