कंचेभागुबेव पाठ आहे, तरीही उत्तर का चुकते?

नमस्कार. समाजमाध्यमांवर अधूनमधून एक गणित फिरू लागते, 'बहुतेक लोक इथे चुकतात' असे कोणीतरी त्याखाली बेधडक लिहिते, आणि मग तेच गणित तुम्ही मला पाठवता. या वेळी पुन्हा ८ ÷ २(२ + २) आले आहे. याच गणितावरून २०१९ साली मोठा वाद झाला होता, आणि त्याआधी २०११ मध्ये ६ ÷ २(१ + २) या तशाच घडणीच्या गणितावरून झाला होता. त्याचे उत्तर मी देणारच आहे. परंतु तुमच्या प्रतिक्रिया वाचताना मला दिसते की बऱ्याच जणांचा पाय त्याआधीच, १० − ४ + ३ यासारख्या अगदी साध्या पदावलीत, घसरतो.

मूलभूत गोष्टी आपल्याला ठाऊकच आहेत, म्हणून त्या भरभर सांगतो. आधी कंस सोडवायचे, मग घातांक, मग गुणाकार-भागाकार आणि शेवटी बेरीज-वजाबाकी. त्यामुळे २ + ३ × ४ चे उत्तर १४ येते, २० येत नाही. हा क्रम लक्षात राहावा म्हणून आपण 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) पाठ करतो, इंग्रजीतून शिकणारे 'बोडमास' म्हणतात आणि अमेरिकेतील मुले 'पेमडास' म्हणतात.

आता मुख्य मुद्दा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीच्या वहीत १० − ४ + ३ चे उत्तर ३ असे लिहिलेले होते, आणि कारण विचारल्यावर तिने शांतपणे सांगितले की, 'बे' हे अक्षर 'व'च्या आधी येते, म्हणून मी आधी बेरीज केली. तिचे पाठांतर निर्दोष होते, उत्तर मात्र चूक होते. बेरीज आणि वजाबाकी या एकाच पातळीवरच्या क्रिया आहेत. त्या डावीकडून उजवीकडे, जशा येतील तशा करायच्या असतात. १० मधून ४ गेले, ६ उरले, त्यांत ३ मिळवले, उत्तर ९.

हेच दुसऱ्या बाजूने पाहू. आधी ४ + ३ केले, म्हणजे आपण १० − (४ + ३) हे गणित सोडवले. तो कंस कोणी लिहिला होता? कोणीही नाही. न लिहिलेला कंस मनाने घालण्याचा अधिकार सोडवणाऱ्याला नसतो.

आणि तिसऱ्या बाजूने पाहायचे, तर उणे चिन्हाची सत्ता फक्त त्याच्या लगेच पुढच्या संख्येवर चालते. १० − ४ + ३ म्हणजे धन १०, ऋण ४ आणि धन ३ अशा तीन पदांची बेरीज. ही पदे कोणत्याही क्रमाने मिळवा, अगदी आधी १० आणि ३ मिळवा, तरी उत्तर ९ येते. भागाकाराच्या चिन्हाचेही तसेच आहे. २४ ÷ ४ × २ यात भागाकार फक्त ४ ने आहे, म्हणून उत्तर १२. 'पेमडास'मध्ये गुणाकाराचे अक्षर आधी असल्याने त्या पद्धतीने शिकलेले काही जण आधी ४ × २ करतात आणि ३ हे उत्तर काढतात.

इथे एक गमतीची गोष्ट आहे. आपल्या 'कंचेभागुबेव'मध्ये 'भा' आधी आहे, आणि गुणाकाराआधी सगळे भागाकार उरकले तरी उत्तर कधीच बदलत नाही. २४ ÷ ४ × ६ ÷ ३ हे दोन्ही रीतींनी सोडवून पाहा, १२ च येईल. त्यामुळे अक्षरांचा क्रम म्हणजेच क्रियांचा क्रम हा गैरसमज भागाकारात उघडा पडत नाही, विद्यार्थ्याचा त्यावरचा विश्वास वाढत जातो, आणि तोच विश्वास त्याला 'बेव'पाशी दगा देतो. 'माझे उत्तर नेहमी बरोबर येते, म्हणजे माझी रीत बरोबर आहे' असे मला ठणकावून लिहिणाऱ्या प्रेक्षकांनी हे जरूर तपासावे.

आता 'चे'कडे वळू, कारण बहुतेक जण ते अक्षर उच्चारतात आणि विसरतात. १२ ÷ ६ चे १/२ यात '६ चे १/२' हा एकसंध गट मानला जातो. तो ३ होतो आणि उत्तर ४ येते. 'चे'च्या जागी × लिहिले, तर उत्तर १ येते. म्हणजे शब्दाने जोडलेला गुणाकार चिन्हाने दाखवलेल्या गुणाकारापेक्षा अधिक घट्ट मानण्याची प्रथा आपल्याच सूत्रात आहे, आणि ८ ÷ २(२ + २) चा वाद नेमका याच जातीचा आहे.

कंस सोडवल्यावर ८ ÷ २(४) उरते. चिन्हाविना लिहिलेला गुणाकार साध्या गुणाकारासारखाच मानला तर उत्तर १६, आणि तो अधिक घट्ट मानला तर १. शाळेतील नियम तंतोतंत लावणारे १६ म्हणतात. दुसरीकडे, बीजगणितात १ ÷ २क असे दिसले की बरेच अनुभवी लोक नकळत २क हा एक गट धरतात, आणि 'फिजिकल रिव्ह्यू' या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाच्या लेखनसूचनांमध्येही तिरप्या रेघेने दाखवलेल्या भागाकाराआधी गुणाकार धरण्याची पद्धत होती. 'माझ्या कॅल्क्युलेटरने १ दाखवले, म्हणून तुम्ही चूक' अशा प्रतिक्रिया मला नेहमी येतात. परंतु काही कॅल्क्युलेटर १ दाखवतात, काही १६ दाखवतात, आणि साधे चार क्रियांचे यंत्र तर २ + ३ × ४ लाही २० म्हणते, कारण ते प्रत्येक क्रिया जागच्या जागी उरकते. यंत्र त्याच्या निर्मात्याने निवडलेला संकेत पाळते, त्याला न्यायाधीश मानू नये.

माझे मत विचाराल, तर दोष गणित लिहिणाऱ्याचा आहे. ÷ हे चिन्ह भागाकारासाठी १६५९ मध्ये योहान रान या स्विस गणितज्ञाच्या ग्रंथात छापले गेले. आज मात्र आयएसओ ८००००-२ हे आंतरराष्ट्रीय मानक ते वापरू नये असे सांगते. आडवी रेघ मारून अंश वर आणि छेद खाली लिहिला, तर (२ + २) वर आहे की खाली हे दिसते आणि वाद उरतच नाही. एका ओळीतच लिहायचे असेल, तर (८ ÷ २)(२ + २) किंवा ८ ÷ (२(२ + २)) असे लिहावे.

शेवटी, बरेच जण विचारतात त्या उणे चिन्हाच्या वर्गाबद्दल. कागदावर −३² म्हणजे −९, कारण घातांक आधी येतो. एक्सेलमध्ये मात्र =-३^२ या सूत्राचे उत्तर ९ येते, कारण तिथे संख्येला चिकटलेले उणे चिन्ह घातांकाच्या आधी लागू होते; पायथॉन या संगणकीय भाषेत तशाच पदावलीचे उत्तर −९ येते. म्हणून हिशेबाच्या तक्त्यात −९ हवे असेल, तर =-(३^२) असे कंसासह लिहा.