दिसना नाय, तां सांग

(पडदा काळा. लांबून समुद्राची गाज, जवळून पखवाजाची थाप.)

तुमचा मोबाईल बिघडलेला नाही. सुरुवातीला थोडा वेळ आम्ही मुद्दामच काही दाखवणार नाही. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका देवळासमोरचा मांडव आहे, रात्रीचा दीड वाजलाय. पखवाज, पायपेटी, झांज. मध्येच सगळं थांबतं. क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि मग अख्खा मांडव खदाखदा हसतो.

कशाला हसला?

गेली बावीस वर्षं माझ्या मामाला हा प्रश्न पडतोय.

(चित्र उजळतं. पहिल्या रांगेत खुर्चीवर मामा, गळ्याभोवती मफलर, हातात खाज्याची पुडी.)

काचबिंदूने मामाची नजर पस्तिशीत गेली. त्याआधी त्याने दशावतार, म्हणजे आमच्याकडचं रात्रभर चालणारं लोकनाट्य, पोटभर पाहिलेला. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सायकल काढायची, आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. देवळाभोवती पालखी फिरून आत गेली की पेटाऱ्यातले राजे, राक्षस बाहेर येणार, ते उजाडेपर्यंत. नजर गेल्यावर सायकल सुटली, जत्रा सुटली नाही. त्याचा हात धरून मी जायची. दहा-बारा वर्षांची होते. शेजारी बसून सांगायची, "मामा, राजा इलो. मामा, राजा गाता." एकदा तो वैतागून म्हणाला, "जां माका आयकाक येता, तां सांगू नको गो. दिसना नाय, तां सांग."

पुढे ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे न दिसणाऱ्याला समोरचं दृश्य शब्दांत सांगणं, हा शब्द कानावर आला, त्यावर वाचलं, थोडं शिकलेही. मामाच्या त्या ओरड्यापलीकडचं त्यात फार काही निघालं नाही.

१९८१ साली वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात मार्गारेट आणि कोडी फॅनस्टील यांनी अंध प्रेक्षकांच्या कानात नाटकाचं वर्णन पोचवायला सुरुवात केली. मार्गारेटना स्वतःलाच नीट दिसत नव्हतं, म्हणजे काय हवंय हे विचारायला त्यांना बाहेर जावं लागलं नाही. दोन संवादांच्या मधल्या फटीत बोलायचं, संवादावर चढायचं नाही, ही त्यातली पहिली शिस्त. ऑपेरासारख्या अखंड गाण्याच्या प्रयोगात फटीच मिळत नाहीत. तिथे पडदा उघडण्याआधीच रंगमंच, वेश, पात्रं यांची ओळख करून देतात आणि गाणं सुरू झालं की शक्यतो गप्प बसतात.

आमची अडचण मात्र वेगळीच. तिकडे वर्णन करणाऱ्याच्या हातात संहिता असते, त्याने तालीम पाहिलेली असते. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान, कोण कुठल्या प्रवेशाला येणार, एवढं रंगपटात ठरतं. बाकीचं सगळं उभ्या उभ्या. कुठला राजा आज पाच मिनिटं बोलेल आणि कुठला पंचवीस, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

(रंगपट. आरशाचा तुकडा भिंतीला टेकवून एक नट स्वतःच्या गालाला रंग लावतोय. कोपऱ्यात निवेदिका, मांडीवर वही.)

म्हणून हल्ली मी आधी रंगपटात जाऊन बसते. प्रवेशांचा क्रम ऐकते, कोणी कुठल्या रंगाचा शालू नेसलाय ते टिपते. कंपनीवाल्यांना पहिल्यांदा वाटलं, मी पेपरातून आले.

साधनाचं म्हणाल तर सुरुवात मोबाईलवरून केली. इंटरनेटवरून माझा आवाज पाठवायचा, ऐकणाऱ्याने आपल्या फोनवर ऐकायचा. फजिती झाली. आवाज काही सेकंद उशिरा पोचायचा. समोर राक्षस मरून पडलेला आणि कानात तो अजून तलवार उगारतोय! पखवाज तर समोरच वाजतोय, त्याच्याशी जमणार कसं? आता पर्यटकांना किल्ले दाखवणारे वापरतात तसला छोटा रेडिओ संच आहे. माझ्या तोंडाजवळ माईक, त्यांच्या एका कानात इअरफोन. एकाच कानात. दुसरा कान पायपेटीचा.

आमचे ऐकणारे सहा. त्यातला एक पोरगा जन्मापासून न पाहिलेला. "लाल म्हणजे?" असं तो विचारत नाही. "लाल कोण नेसतं?" असं विचारतो. प्रश्न सोपा आहे, उत्तर द्यायला मला एक अख्खी जत्रा लागली.

आता त्या हशाकडे वळू.

(आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग. काळ्या पोशाखातला संकासुर, लांबलचक लाल जीभ.)

हा संकासुर, वेद चोरणारा. विष्णूच्या हातून मरायचंच आहे, पण त्याआधी मालवणीतून सगळ्यांची फिरकी घेऊन. त्याचं बोलणं मामाला माझ्याइतकंच कळतं. मामा अडतो तो संकासुर गप्प झाल्यावर. हा बाबा नुसता थांबतो, पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी टकलाकडे बघतो आणि आपल्या डोक्यावरून हळूच हात फिरवतो. झालं, मांडव फुटतो. हे मी हशानंतर सांगितलं, तर मामा एकटाच मागाहून हसणार, आणि मागाहून एकट्याने हसण्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. त्यामुळे हात डोक्याकडे निघाला की माझं वाक्य संपलेलं पाहिजे. "टकलाकडे बघतोय. स्वतःचं डोकं चाचपतोय." बस.

मग ते बाकडं. दशावताराला नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच डोंगर, तेच रथ. राजा त्यावर चढला की मी काय म्हणायचं? "बाकड्यावर चढला" म्हटलं तर रथ मोडतो. "रथात बसला" म्हटलं तर मी खोटं बोलले, कारण डोळसांना तिथे रथ दिसत नाही, बाकडंच दिसतं आणि रथ ते आपल्या मनाने करतात. ती गंमत मामाकडून मी का काढून घ्यावी? यावर आमचं चहाच्या टपरीवर भांडण झालं. शेवटी मामानेच तोडगा काढला. पहिल्यांदा बाकडं म्हण, मग मी माझा रथ करतो.

युद्धात मी जवळजवळ बोलतच नाही. पखवाज चढत जातो, पाय थयथयतात, कोण कुणावर भारी पडतोय ते लयीत कळतं. तलवार कुणाच्या हातून पडली, एवढंच माझं.

आणि पद सुरू असताना तर तोंड बंद. हे मी चूक करून शिकले. स्त्रीपार्टी विरहाचं पद गात होता, मी म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलंय." मामाने इअरफोन काढून खिशात घातला. गळा भरून आलेला त्याला माझ्याआधी कळला होता.

सरकारदरबारी म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑडिओ डिस्क्रिप्शनचा उल्लेख आहे, २०२४ साली केंद्राने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. देवळासमोरच्या मांडवापर्यंत त्यातलं अजून काही आलेलं नाही. आमचे सहा संच वर्गणीचे.

(पहाट. दहीकाला झालाय. माणसं पांगतायत. नट पेटारे बांधतायत.)

रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं दशावताऱ्यांबद्दल म्हणतात. राजाने चेहरा पुसलाय, मुकुट पेटाऱ्यात जायचाय. वस्तू आधीच हाताळायला द्यायची पद्धत इतरत्र आहे, पण इथे प्रयोगाआधी कुणाला सवड नसते. मामाने मुकुट मागितला. दोन्ही हातांनी धरला, टिकल्यांवरून बोटं फिरवली, मग तोलून पाहिला.

"एवढो हलको? मगे पाय कित्याक इतके जड पडत होते?"

"हलको म्हणानच मान ताठ धरूची लागता," राजा म्हणाला. "नायतर उडता." आणि त्याने मामाचा हात धरून आपल्या मानेवर ठेवला. कानामागे रंग अजून ओला होता. मामा बराच वेळ ती मान चाचपत राहिला. मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाला,

"ह्यां तू माका सांगूक नाय, गो."