मांडीतली खडाखडी

[दृश्य: पहाटेची तालीम. बैठका चालू आहेत. कॅमेरा मांडीवर.]

कराडजवळचं गोळेश्वर. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमधून कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांचं गाव. या भागात पोराच्या मांडीवर वस्तादांची नजर आधी जाते. ती मांडी घडायला लागते मात्र आईच्या पोटात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी.]

स्नायूचा एकेक तंतू शेकडो कोवळ्या पेशी एक होऊन बनतो. या पेशी म्हणजे मायोब्लास्ट. दोन्ही टोकांना निमुळत्या, प्रत्येकीत एकच केंद्रक. पुरेशा वाढल्या की विभागणं थांबवतात आणि अंगाला अंग लावून ओळीनं पडतात.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी बघता येतं. उंदराच्या मायोब्लास्ट बशीत वाढवायच्या, मग द्रवातलं सीरम, म्हणजे त्यांचा खुराक, कमी करायचं. काही दिवसांत लांबच लांब नळ्या तयार! खुराक तोडल्यावर स्नायू बनतो, हे तालमीत बोलायची सोय नाही.

पण एक होणं सोपं नसतं. कुस्तीत हात भिडायच्या आधी खडाखडी होते, तशी इथंही होते. पेशींच्या अंगावरची कॅडेरिन प्रथिनं एकमेकांत अडकतात; त्याला कॅल्शियम लागतं. मग आतले अॅक्टिनचे धागे रेटा देतात आणि एकीचं पटल, म्हणजे पेशीचं बाहेरचं पातळ आवरण, दुसरीत घुसतं. घुसतं, पण फुटत नाही.

पुढचं काम दोन प्रथिनांचं. मायोमेकर सापडलं २०१३ साली, मायोमिक्सर २०१७ साली. मायोमेकर दोन्ही पेशींवर असावंच लागतं. त्याच्यामुळं पटलांचे बाहेरचे थर एक होतात. मायोमिक्सर एकीवर असलं तरी भागतं. ते आरपार भोक पाडतं, आणि दोघींचा रस एक होतो. गंमत म्हणजे, एरवी कधीच एक न होणाऱ्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतकातल्या, पेशींना ही दोन्ही प्रथिनं दिली, तर त्याही एकमेकींत मिसळतात.

नव्या नळीत केंद्रकं मधोमध रांगेत असतात. आकुंचन पावणारे धागे भरत गेले की ती कडेला सरकतात.

[दृश्य: तंतूचा आडवा छेद.]

कडेला आणखी कुणीतरी चिकटून असतं. उपग्रह पेशी. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी त्या बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. एरवी निपचित, स्नायूला इजा झाली की जाग्या होतात, वाढतात आणि तंतूत मिसळतात. पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्या उपग्रह पेशींतून मायोमेकर काढून टाकलं, तेव्हा त्या जाग्या झाल्या, पण मिसळल्या नाहीत. जखमी स्नायू भरून आलाच नाही.