चन्नम्मा चौकात तयार झालेला कान

(दृश्य: पहाटेचा महामार्ग. काकतीची पाटी. गाडीच्या काचेवर धुकं.)

बेळगाव सोडलं की थोड्याच वेळात काकती लागतं. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं हे माहेर. पुढे वंटमुरीचा घाट, मग हत्तरगी, संकेश्वर आणि निपाणी. आठवड्यातून दोनदा मी हा रस्ता करतो आणि जाता-येता इतिहासाची पुस्तकं ऐकतो. घाटात रेंज जाते, म्हणून आदल्या रात्रीच प्रकरणं मोबाइलमध्ये उतरवून ठेवायची सवय लागली आहे.

एका सकाळी घाटाच्या वळणावर निवेदक म्हणाला, "चौथाई वसूल केली." आवाज भारदस्त, ध्वनिमुद्रण स्वच्छ. पण चौथाईतला च त्यानं चहातल्या चसारखा म्हटला. पुढच्या वाक्यात जकात आली, फौज आली, त्यांचेही ज तसेच, हिंदी वळणाचे. गाडी चालत राहिली, माझं ऐकणं मात्र तिथंच थांबलं.

'चिंच' हा एवढासा शब्द मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्या चला जीभ टाळूला लागते, दुसऱ्याला दातांच्या मागे. मराठीत हे दोन च आहेत, लिहायला मात्र अक्षर एकच. लिहिलेलं वाचताना डोळ्यांना हा फरक दिसतच नाही. ऐकताना तो लपवायला जागा नसते.

(दृश्य: बेळगावातला राणी चन्नम्मा चौक. रिक्षा, बस, शाळेची मुलं.)

आणि आमचा बेळगावचा कान या बाबतीत फार कडक आहे. 'चन्नम्मा चौक' म्हणा. चन्नम्मांचा च कन्नडचा, टाळूचा. चौकाचा च मराठीचा, दातांचा. इथलं शाळकरी पोर रिक्षात बसताना हे दोन्ही च एका दमात बरोबर म्हणतं, कुणी न शिकवता. मग कित्तूरच्या उठावावरचं प्रकरण लावलं आणि निवेदकानं चन्नम्मांना चमच्यातला च लावला, की आपल्याच घरातल्या माणसाला पाहुण्यानं चुकीच्या नावानं हाक मारावी तसं वाटतं. 23 ऑक्टोबर 1824 ला कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला. चन्नम्मांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला 26 जानेवारी 1831 ला आमच्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं. ही गावं नकाशावर शोधायची आम्हाला गरज नाही, आमची सोयरीक आहे तिथं. निवेदकानं स्टुडिओत बसण्याआधी इथल्या एखाद्या माणसाला फोन करून चार नावं विचारून घ्यावीत, एवढंच मागणं आहे.

ऐकण्याची सवय आम्हाला नवी नाही. श्रावणात देवळात पोथी लागायची. एकजण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि गर्दी व्हायची ती सांगणारा कोण आहे ते बघून. घरात रेडिओवर एका बाजूला सांगली, दुसऱ्या बाजूला धारवाड. 2017 साली स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप भारतात आलं ते मराठी घेऊनच, आणि ऐकणाऱ्यांना पुन्हा सांगणारा मिळाला.

(दृश्य: मोडी लिपीतला जुना कागद. कॅमेरा ओळीवरून सावकाश सरकतो.)

आता हा कागद नीट बघा. वरची रेघ आधी आडवी ओढून घेतली आहे आणि अक्षरं तिला टांगली आहेत. शब्दाशब्दांत अंतर नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. असं पत्र दरबारात वाचून दाखवणाऱ्याला श्वास कुठं घ्यायचा ते स्वतःच ठरवावं लागायचं, आणि त्यासाठी आधी मजकूर कळावा लागायचा. इतिहासाच्या निवेदनाची माझी कसोटी हीच आहे. आवाज जड की हलका, हे मी नंतर बघतो. आधी बघतो, हा माणूस श्वास कुठं घेतो.

मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. बखरीच्या वळणाचं लांब वाक्य असलं तर स्वाऱ्या, गड, माणसं, दिवस सगळं आधी येतं आणि काय झालं ते अगदी शेवटी. चांगला निवेदक तोवर सूर खाली पडू देत नाही. कच्चा निवेदक प्रत्येक नावापाशी सूर टाकतो. ऐकणाऱ्याला वाटतं वाक्य संपलं, आणि मग क्रियापद एकटंच मागून धावत येतं.

तारखांचंही तसंच. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं वर्ष शके 1596. आपल्याकडे ते 'पंधराशे शहाण्णव' असं म्हणतात. 'एक हजार पाचशे शहाण्णव' म्हटलं की शाळेतला गणिताचा तास आठवतो. जुन्या पत्रांत तर वर्ष अरबी शब्दांत असतं, 'इहिदे सबैन अलफ'. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, अलफ हजार. मिळून 1071, म्हणजे इसवी सन 1670-71. हे तीन शब्द मी एका निवेदिकेच्या तोंडून असे ऐकले, की ती तीन आकडे सांगते आहे हे अर्थ ठाऊक नसतानाही कळावं. ते प्रकरण मी अजून पुसलेलं नाही.

(दृश्य: संकेश्वरचा फाटा. गडहिंग्लजकडे जाणारा रस्ता, पुढे नेसरीचे डोंगर.)

संकेश्वरहून गडहिंग्लजकडे वळलं की पुढे नेसरी. 24 फेब्रुवारी 1674 ला सरनोबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर इथल्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. हा प्रसंग मी चार-पाच आवाजांत ऐकला आहे. बहुतेक ठिकाणी तुतारी वाजते, घोडे दौडतात, निवेदकाचा आवाज फाटतो. मला ते सोसत नाही. सात माणसं मरणाकडे निघाली आहेत. त्या प्रसंगाला ओरडायची काय गरज?

आणखी एक गोष्ट आहे. मुंबईच्या इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी यानं त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात प्रतापराव सहा स्वारांसह पडल्याचं आहे. त्या सहा जणांची नावं त्या पत्रात नाहीत, ती परंपरेनं आपल्यापर्यंत आली. दोन्ही सांगावं, जरूर सांगावं. पण पत्र सांगताना आवाज एक हवा आणि परंपरा सांगताना दुसरा. छापील पुस्तकात तळटीप असते. कानानं ऐकणाऱ्याला तळटीप कुठून मिळणार? ती निवेदकाच्या सुरातच असावी लागते.

(दृश्य: निपाणी. घराची पडवी. मांडीवर सूप, भिजवलेली पानं, कात्री, दोरा.)

निपाणी तंबाखूचं गाव. माझ्या ओळखीच्या एक मावशी इथं विड्या वळतात. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. मोजणी हजारावर, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. कान मात्र मोकळे. हवानाच्या सिगार कारखान्यांत 1865 पासून कामगारांसाठी मोठ्यानं वाचणारा माणूस बसायचा. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे आणि त्याचा आवाज ऐकून, पारखून मगच त्याला ठेवायचे. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर हाय की. ऐकायचं आमी, मग निवडायचं बी आमीच."

त्यांचा निकाल झटपट असतो. नेसरीचं तुतारीवालं प्रकरण दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्यो बाबा सांगालाय का वरडालाय? दुसरं लाव."

दुसरं लावलं ते बेळवडीचं. बैलहोंगल तालुक्यातलं हे गाव. दक्षिण दिग्विजयावरून परतताना, 1678 च्या सुरुवातीला, मराठी फौजेनं इथल्या गढीला वेढा घातला आणि इथल्या देसाईणीनं तो झुंजवला. मराठी पुस्तकांत ती सावित्रीबाई, कन्नडमध्ये बेळवडी मल्लम्मा. धारवाडजवळच्या यादवाडच्या शिल्पात तिची आणि महाराजांची भेट कोरली आहे, असं मानलं जातं. हे प्रकरण सीमाभागात ऐकणं सोपं नाही. इथं एका भिंतीच्या अलीकडे मराठी घर असतं आणि पलीकडे कन्नड, आणि दोन्ही घरांत ही गोष्ट वेगवेगळ्या बाजूनं सांगतात. निवेदकाचा आवाज जरा कुणाकडे झुकला की भिंतीपलीकडच्या अक्कांना ते लगेच कळतं. त्या दिवशीची निवेदिका झुकली नाही. तिनं राजापूरच्या इंग्रज वखारीतून 28 फेब्रुवारी 1678 ला गेलेल्या पत्राचा मजकूर सांगितला: इतकी राज्यं जिंकणाऱ्याला ही देसाईण आवरता येत नाही, अशा अर्थाचा. मागे संगीत नव्हतं. 'देसाईण' या शब्दाआधी तिनं क्षणभर श्वास घेतला.

"राजापुरात बी तंबाखूची वखार व्हती व्हय?" मावशींनी विचारलं. मी सांगितलं, वखार इंग्रजांच्या व्यापाराची, मालाची.

"बरं बरं." त्यांनी मान हलवली. त्यांच्या हातात पान अर्धं वळलेलं होतं, दोरा बोटातच राहिला होता.

"त्या बाईचं परत लाव."