शिवेवरचा क्रूस आणि बर्फातलं मृत्युपत्र

मंडळी, विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की आज धर्मावर बोलणं होणार. धर्म येईल, पण तोंडी लावण्यापुरता. आजचं बोलणं आहे जमिनीबद्दल: हद्द कुठली, मालकी कोणाची, आणि ती मालकी टिकवण्यासाठी माणसं कोणत्या गोष्टी रचतात.

इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात डेव्हन परगणा आहे आणि त्याच्या मधोमध डार्टमूर नावाचं पठार. साधारण साडेनऊशे चौरस किलोमीटरचा हा मुलूख १९५१ सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे. खाली ग्रॅनाइट, वर पीट. पीट म्हणजे शेवाळ-गवत अर्धवट कुजून शतकानुशतकं साचत गेलेला काळा थर. त्यात पाणी मुरून राहतं, म्हणून उंचावरही दलदल. झाड औषधाला मिळणं मुश्कील. एकदा धुकं उतरलं की आपण आलो कुठून, हेही कळत नाही. अशा ठिकाणी पुरुषभर उंचीचा दगड उभा करणं ही आधी गरज असते. तो क्रूसाच्या आकाराचा असला तर पुण्यही पदरी पडतं.

डार्टमूरवर असे दगडी क्रूस बरेच आहेत. त्यांतल्या मोठ्यांतला एक प्रिन्सटाउन गावाच्या दक्षिणेला, चारेक किलोमीटरवर उभा आहे. त्याला सिवर्डचा क्रूस म्हणतात. आताच्या नकाशांवर बहुतेकदा नन्स क्रॉस असं लिहिलेलं असतं. उंची सव्वादोन मीटरच्या आसपास. देखणा म्हणावा असा नाही. हात आखूड, अंग जाड, कडा झिजलेल्या. कोरीव नक्षी म्हणाल तर जवळजवळ नाहीच, कारण तिथला ग्रॅनाइट भरड दाण्याचा आणि कठीण. छिन्नीला दाद देत नाही.

याचा पहिला लेखी उल्लेख १२४० सालचा. राजा तिसऱ्या हेन्रीने आदल्याच वर्षी डार्टमूरचं राखीव रान आपल्या धाकट्या भावाला, कॉर्नवॉलचा अर्ल रिचर्ड याला, देऊन टाकलं होतं. आता राजाचा भाऊ जमीनदार झाला म्हटल्यावर शेजाऱ्यांच्या पोटात गोळा येणारच. कुठपर्यंत त्याचं आणि कुठून आमचं? म्हणून बारा सरदारांनी घोड्यावर बसून अख्ख्या रानाची हद्द फिरून पाहिली आणि लिहून ठेवली. ही टेकडी, हा ओढा, हे दोन प्रवाहांचं संगमस्थान, असं करत करत यादी जाते, आणि त्या यादीत सिवर्डचा क्रूस येतो. म्हणजे १२४० मध्येच तो जुना होता, लोकांना नावानिशी माहीत होता. नवा दगड कोणी हद्दीच्या पुराव्यात धरत नाही, हे तलाठ्याच्या ऑफिसात एकदा तरी गेलेल्या माणसाला सांगायला नको.

हा सिवर्ड कोण? लोकांनी त्याचं नातं अकराव्या शतकातल्या नॉर्थम्ब्रियाच्या अर्ल सिवर्डशी जोडलं. तो खरा होऊन गेला, १०५५ साली वारला. पण त्याचा मुलूख देशाच्या दुसऱ्या टोकाला. नाव जुळलं की माणूसही तोच, ही इतिहासातली फार जुनी खोड आहे. मला स्वतःला ही ओळख पटत नाही. सिवर्ड हे त्या काळी बऱ्याच जणांचं नाव असे.

दगडावर मात्र दोन्ही बाजूंना अक्षरं आहेत. पूर्वेच्या अंगाला ‘सिवर्ड’, पश्चिमेच्या अंगाला दोन ओळींत ‘बॉक लाँड’. हे बकलंड. १२७८ साली अमिशिया नावाच्या काउंटेसने पश्चिमेकडे बकलंड इथे सिस्टर्शियन पंथाचा मठ स्थापला आणि त्याला दिलेल्या जमिनीच्या वर्णनातही हा क्रूस आला. तेव्हा चित्र असं: पूर्वेला राजघराण्याचं रान, पश्चिमेला मठाची जमीन, आणि मधल्या शिवेवर हा दगड. मठाकडे तोंड केलेल्या बाजूवर मठाचं नाव. आपल्याकडे शिलाहार-यादवांच्या काळात दानजमिनीच्या शिवेवर गधेगाळ रोवत. वर चंद्र-सूर्य, खाली हद्द मोडणाऱ्याला ऐकवू नये अशी शिवी. इंग्रजांनी शिवीऐवजी क्रूस वापरला. धाक मात्र तोच: हा दगड हलवशील तर गाठ वरच्याशी आहे.

हा धाक १८४६ साली संपला होता असं दिसतं. चुकलेली गुरं शोधत फिरणाऱ्या दोन पोरांना वाटलं, हा दगड पक्का आहे का बघू. दिला धक्का. तो पडला आणि तुटला. दोन वर्षांनी, १८४८ मध्ये, सर राल्फ लोपेस या जमीनदाराने लोखंडी पट्ट्या ठोकून तो सांधून घेतला. जवळ गेलात तर तो सांधा अजून दिसतो.

इथून पूर्वेला दोनेक किलोमीटरवर, फॉक्स टॉर नावाच्या टेकडीखाली आणि एका बदनाम दलदलीच्या काठाला, दुसरा क्रूस आहे. त्याला चाइल्डची समाधी म्हणतात. गोष्ट अशी. चाइल्ड नावाचा एक धनाढ्य उमराव, शिकारीचा नादी, प्लिमस्टॉकच्या जमिनींचा मालक. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याने म्हणे सांगून ठेवलं होतं की ज्या चर्चच्या आवारात मला मूठमाती मिळेल, माझ्या जमिनी त्या चर्चच्या. एकदा शिकारीत तो सोबत्यांपासून फुटला आणि हिमवादळात सापडला. वाट दिसेना, अंगातली ऊब जायला लागली. शेवटी त्याने आपला घोडा मारला, पोट फाडून आतडी बाहेर काढली आणि त्या उबेत शिरून बसला. तरीही तो गोठून मेलाच. पण मरण्याआधी घोड्याच्या रक्ताने दोन ओळी लिहून गेला: जो मला प्रथम शोधून थडग्यापर्यंत नेईल, प्लिमस्टॉकच्या जमिनी त्याच्या.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. टॅव्हिस्टॉक गावच्या बेनेडिक्टाइन पंथाच्या मठातल्या मंडळींना प्रेत सापडलं. ते उचलून ते आपल्या मठाकडे निघाले. अंतर सरळ रेषेत पंधरा किलोमीटर. प्लिमस्टॉककरांना बातमी लागली. जमीन आमच्या गावची आणि न्यायचे हे? ते नदी ओलांडायच्या उतारावर दबा धरून बसले. मठवासी त्यांच्यावर वरताण निघाले. त्यांनी दुसऱ्याच जागी घाईघाईने पूल टाकला, पलीकडे गेले आणि चाइल्डला आपल्या आवारात पुरलं. त्या पुलाला लोक पुढे लबाडीचा पूल म्हणायला लागले.

ट्रिस्ट्रम रिस्डन याने १६३० च्या सुमारास डेव्हनचं वर्णन लिहिलं, त्यात ही गोष्ट त्या दोन ओळींसह आहे. आता जरा वकिली नजरेने बघू. हिमवादळात, बोटं बधिर झालेली असताना, रक्ताने यमक जुळवणारा माणूस. वाचणारे नेमके मठातले, साक्षरही तेच, आणि फायदाही त्यांचाच. साक्षीदार एक, तो मेलेला. कोणत्याही कोर्टात हे मृत्युपत्र पहिल्या तारखेलाच उडालं असतं.

पण प्लिमस्टॉक टॅव्हिस्टॉकच्या मठाकडे होतं, हे खरं आहे. १०८६ च्या डूम्सडे नावाच्या सरकारी जमीन-नोंदवहीत ते मठाच्या नावावर आहे. जमीन कशी आली, याचा धड कागद नसेल किंवा कुणी शंका घेत असेल, तर काय करायचं? मध्ययुगातल्या मठांनी सर्रास बनावट सनदा तयार केल्या, हे आता कुणी नाकारत नाही. ही गोष्ट मला त्याच जातीची वाटते, फक्त चर्मपत्राऐवजी लोकांच्या तोंडी लिहिलेली. आणि गंमत बघा, प्लिमस्टॉककरांनीही ती नाकारली नाही. त्यांनी तिला आपलं शेपूट जोडलं: जमीन गेली खरी, पण लबाडीने. एकाच गोष्टीत मालकाचा दावा आणि हरलेल्याची तक्रार दोन्ही नांदतात, म्हणूनच ती इतकी टिकली असावी. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठच खालसा केला आणि दाव्याला अर्थ उरला नाही. गोष्ट राहिली.

समाधीचं म्हणाल तर ती चाइल्डची असणं कठीणच आहे. पायथ्याशी जी दगडी पेटी आहे ती कांस्ययुगातली, म्हणजे चाइल्डच्या आधी दोन-अडीच हजार वर्षं तरी. कुणा अनामिकाच्या थडग्यावर नंतरच्यांनी पायऱ्या आणि क्रूस चढवला. १८१२ साली विंडिएट नावाचे गृहस्थ तिथे शेतघर बांधायला आले आणि त्यांनी ते सारं मोडून आयते घडीव दगड बांधकामाला वापरले. आज दिसतो तो क्रूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डार्टमूर प्रिझर्व्हेशन असोसिएशनने नव्याने उभारला. शेतघराचेही आता पडके अवशेषच आहेत.

तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे असतील आणि जाणं झालंच, तर प्रिन्सटाउनहून साउथ हेसरी टॉरवरून जाणारी पायवाट धरा. दलदलीकडे शॉर्टकट शोधू नका. अक्षरं वाचायची तर दुपार कलल्यावर पोहोचा. तिरप्या उन्हात पश्चिमेची बाजू बरी वाचता येते. आणि वाटेत दुसऱ्या दगडांकडेही लक्ष ठेवा. त्यांच्यावर ‘पी.सी.डब्ल्यू.डब्ल्यू. १९१७’ असं कोरलेलं आहे. प्लिमथ नगरपालिकेच्या पाणीखात्याने बरेटर धरणाच्या पाणलोटाची हद्द या दगडांनी आखली. त्यांच्याबद्दल अजून तरी कुणी गोष्ट रचलेली माझ्या कानावर नाही. प्रश्न असतील तर विचारा.