नंदीबैल, हान्स आणि आपली मान

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘प्राण्यांना माणसाच्या भावना आणि हेतू कळतात का?’ असा विषय छापला आहे. त्यातला भावनांचा भाग सोपा आहे, हेतूंचा अवघड आहे, आणि आयोजकांनी दोन्हींसाठी मिळून एक तास दिला आहे. त्यातला बराच वेळ माझा परिचय करून देण्यात गेला, आणि तो परिचय ऐकल्यावर माणसाला तरी माणूस कितपत कळतो याविषयी मला शंका येऊ लागली आहे. सभागृहात कुत्री-मांजरे पाळणारे किती आहेत हे मी हात वर करायला लावून विचारणार नाही. कपड्यांवरच्या केसांवरून तसे ते दिसतेच आहे.

माझे नोकरीतले आयुष्य गुरांच्या दवाखान्यांत गेले. शेतात निमूटपणे जुवाला खांदा देणारा बैल दवाखान्याच्या फाटकाशी आला की पाय रोवून उभा राहतो, कान मागे टाकतो आणि फुरफुरतो, हे दृश्य माझ्या रोजच्या पाहण्यातले होते. अशा वेळी मालक मोठ्या कौतुकाने म्हणतो, “साहेब, याला सगळं कळतं.” त्याचे म्हणणे मी कधी खोडून काढले नाही, परंतु त्या क्षणी बैलाच्या भोवती काय काय चाललेले असते ते नीट पाहिले पाहिजे. मालकाने कासरा नेहमीपेक्षा आखडून धरलेला असतो, त्याची स्वतःची पावले फाटकाशी मंदावलेली असतात, हवेत फिनेलचा वास असतो, आणि खोड्याजवळ मी उजवा हात पाठीमागे धरून, काही घडणारच नाही अशा चेहऱ्याने उभा असतो. सुई लपवणारा माणूस कसा उभा राहतो हे त्या बैलाला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. गाईचेही तसेच आहे. परका किंवा आडदांड माणूस धार काढायला बसला की ती पान्हा चोरते. तो तिचा हट्ट नसतो. पान्हा सुटण्यासाठी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागते आणि भीतीने वाढणारे ॲड्रिनॅलिन त्याच्या आड येते, म्हणून कासेत दूध असूनही चरवी रिकामी राहते.

आता मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरणार नाही. प्राणी आपले मन वाचतो की नाही हा वाद पुष्कळ काळ चालू राहील. परंतु तो आपले शरीर आपल्यापेक्षा बारकाईने वाचतो हे पक्के आहे, आणि हे वाचन हलक्या प्रतीचे मानण्याची आपली जी सवय आहे, ती मला मान्य नाही.

आपल्याकडे दारात नंदीबैल येत असे. काही गावांत अजूनही येतो. अंगावर झूल, गळ्यात घुंगरे, शिंगांना रंग, आणि शेजारी वाद्याच्या कातड्यावर काठी घासून गुबूगुबू आवाज काढणारा त्याचा धनी. पाऊस पडेल का, मुलीचे लग्न जमेल का, असे विचारले की नंदी मान हलवतो. त्याला पंचांग कळत नाही हे आपल्या आजीलाही ठाऊक होते, तरी ती सुपातून धान्य घालत असे. माझ्या मते ते धान्य नंदीने प्रामाणिकपणे कमावलेले असते. शेजारी पोरे ओरडत असताना, कुत्री भुंकत असताना, धन्याच्या वाद्यातला आणि दोरीतला नेमका बदल टिपून मान हलवणे हे काम सोपे नाही. भाषेने मात्र त्याच्यावर अन्याय केला आणि सभेत मुकाट्याने संमती देणाऱ्या माणसांना त्याचे नाव दिले.

नंदीचा एक सख्खा भाऊ बर्लिनमध्ये होऊन गेला. त्याची हकीकत तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, तरीही मी ती सांगणार आहे, कारण ती बहुधा चुकीच्या जागी थांबवली जाते. विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाने हान्स नावाच्या घोड्याला अंक, बेरीज, अपूर्णांक, तारखा असे सर्व काही शिकवले होते. प्रश्न विचारला की घोडा खुराने टापा मारून उत्तर देई आणि ते बहुधा बरोबर येई. फॉन ऑस्टेन तिकीट लावत नव्हते. त्यामुळे लबाडीचा आरोप सहज करता येईना. अखेर 1904 मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्प्फ यांच्या पुढाकाराने एक समिती बसली. तिच्यात प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते, तसेच सर्कशीचे चालकही होते, आणि ते फार शहाणपणाचे होते, कारण जनावराकडून कोणती हातचलाखी करून घेता येते हे प्राध्यापकापेक्षा सर्कसवाल्याला जास्त कळते. समितीने सांगितले की यात कोणतीही लबाडी आढळत नाही. आपल्याकडे समितीचा अहवाल आला की विषय मिटतो. तिथे तो सुरू झाला.

श्टुम्प्फ यांचे विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट यांनी पुढे जे केले ते इतके साधे होते की आधी कुणाला कसे सुचले नाही याचे नवल वाटावे. त्यांनी काही प्रश्न असे विचारायला लावले, की ज्यांचे उत्तर विचारणाऱ्यालाही माहीत नव्हते. हान्सचे गणित तिथेच कोसळले. मग त्यांनी घोड्याच्या डोळ्यांना झापडे लावली, आणि विचारणारा दिसेनासा होताच उत्तरे पुन्हा चुकू लागली. 1907 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे पाहण्यासाठी नकळत किंचित पुढे झुकतो, आणि टापांची योग्य संख्या झाली की त्याचे डोके अगदी थोडे वर येते. हान्स ते पाहून थांबत असे.

हकीकत बहुधा इथे संपवून ‘घोडा अडाणी निघाला’ असे म्हटले जाते, आणि माझी तक्रार तिथेच आहे. फुंग्स्ट यांनी त्यापुढे प्रयोगशाळेत स्वतः घोड्याची जागा घेतली. समोरच्या माणसाने मनात एक संख्या धरायची आणि यांनी हाताने टापा मारत त्याच्या डोक्याची हालचाल पाहून थांबायचे. बहुतेकांच्या मनातली संख्या त्यांना ओळखता आली आणि आपण काही खूण केली याचा त्या माणसांना पत्ताही नव्हता. खुद्द फुंग्स्ट यांना सगळे रहस्य कळलेले असूनही हान्ससमोर उभे राहिल्यावर स्वतःची मान स्थिर ठेवता येत नव्हती. म्हणजे जी गोष्ट समितीतल्या एकाही विद्वानाला दिसली नाही, जी करणाऱ्यालाही जाणवत नव्हती आणि कळल्यावरही आवरता येत नव्हती, ती तो घोडा रोज अंगणात उभा राहून वाचत होता. त्याला गणित येत नव्हते हे खरे. आपल्यापैकी पुष्कळांना येत नाही. फॉन ऑस्टेन मात्र फार दुखावले गेले आणि 1909 मध्ये वारले.

हा प्रकार जुना झाला असे समजू नये. 2011 मध्ये अमेरिकेत वासावरून अमली पदार्थ आणि स्फोटके शोधणाऱ्या 18 कुत्र्यांची त्यांच्या हाताळणाऱ्यांसह चाचणी झाली. हाताळणाऱ्यांना सांगितले होते की लाल कागद लावलेल्या ठिकाणी माल आहे. प्रत्यक्षात तो कुठेच नव्हता. तरी कुत्र्यांनी ‘सापडले’ अशी खूण पुष्कळ वेळा दिली, आणि त्यातही लाल कागदांपाशी अधिक. अशा खुणेवरून माणसांची झडती होते, हे लक्षात घेतले म्हणजे हान्सची गोष्ट केवळ गमतीची राहत नाही.

आता माझ्या दुसऱ्या, अधिक घरगुती तक्रारीकडे वळतो. निवृत्तीनंतर मी शहरात राहायला आलो आणि फ्लॅटमधल्या कुत्र्यांच्या मालकांशी माझा संबंध आला. चप्पल फाटलेली असते, कुत्रा कान पाडून, पांढरे डोळे दाखवत कोपऱ्यात बसलेला असतो, आणि मालकीणबाई सांगतात, “बघा डॉक्टर, स्वतःला अपराधी वाटतंय त्याला.” न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर नेमका हाच खटला चालवला. मालकाने खाऊला तोंड लावू नकोस असे बजावून खोलीबाहेर जायचे. मागे कधी कुत्रा खाऊ खाई, कधी खात नसे. आणि मालकाला मात्र खरे-खोटे काहीही सांगितले जाई. अपराधी चेहरा गुन्ह्याप्रमाणे बदलला नाही, तो मालकाच्या ओरडण्याप्रमाणे बदलला. इतकेच नव्हे, तर ज्यांनी काहीच खाल्ले नव्हते अशा कुत्र्यांना ओरडा बसला तेव्हा तो सर्वांत जास्त दिसला. ज्या घरात दोन कुत्री आहेत तिथे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार किती वेळा होत असेल, याचा विचार घरी गेल्यावर करावा. त्या चेहऱ्यात पश्चात्ताप शोधणारे लोक त्यातली खरी गोष्ट पाहायची सोडतात, ती ही की कुत्र्याने तुमचा राग तुम्ही दार उघडताक्षणी ओळखलेला असतो.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. हेतूंचा भाग अजून उरला आहे, तेव्हा तो भराभर सांगतो.

राग आणि आनंद यांतला फरक प्राण्यांना कळतो याचा पुरावा आता बराच जमला आहे. ससेक्स विद्यापीठाच्या 2016 मधील अभ्यासात रागीट चेहऱ्याची छायाचित्रे पाहताना घोडे ती डाव्या डोळ्याने, म्हणजे धोक्याची वस्तू पाहावी तशी, पाहू लागले आणि त्यांच्या हृदयाची गती लवकर वाढली. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या शेळ्यांनी हसऱ्या चेहऱ्याकडे जाणे पसंत केले. बेलफास्टमध्ये 2022 साली शिकवलेल्या कुत्र्यांनी केवळ घाम आणि श्वास यांच्या वासावरून तणावाखालच्या माणसाचे नमुने वेगळे काढले, म्हणजे चेहरा सांभाळून काही उपयोग नाही.

हेतूसाठी एवढे पुरत नाही. हेतू ओळखला असे म्हणायचे तर कृतीचे फळ तेच असून त्यामागचा इरादा वेगळा असला पाहिजे, आणि प्राण्याने त्या इराद्याप्रमाणे वेगळे वागले पाहिजे. जर्मनीत 2021 मध्ये 51 कुत्र्यांवर असा प्रयोग झाला. पारदर्शक पडद्याच्या फटीतून खाऊ देणारी व्यक्ती कधी मुद्दाम हात मागे घेई, कधी तिच्या हातून तो धांदरटपणे पडे, कधी फटच बंद असे. तिन्ही वेळा खाऊ पडद्यापलीकडेच राही. मुद्दाम हात मागे घेतला तेव्हा कुत्री पडद्याला वळसा घालून खाऊपाशी जाण्याआधी जास्त वेळ थांबली, आणि हातून पडला तेव्हा लगेच गेली. हान्सचा आक्षेप इथेही घ्यावा लागतो: मुद्दाम मागे घेतलेला हात आणि चुकलेला हात यांच्या हालचालीही वेगळ्या असतात, आणि कुत्र्याने हेतू न ओळखता ती हालचालच ओळखली असेल. मला स्वतःला प्रयोग पटतो, पण आक्षेप पुरता मिटला असे मी म्हणणार नाही.

हे केवळ घरात वाढल्यामुळे येते असेही नाही. कोलकात्याजवळच्या ‘आयसर’ या विज्ञान-संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवून एकाकडे बोट दाखवले. सुमारे निम्मी कुत्री जवळच आली नाहीत, आणि माणसाचा अनुभव पाहता ते समजण्यासारखे आहे. जी आली त्यांपैकी सुमारे 80 टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडे गेली. त्यांना कुणी शिकवले नव्हते.

मांजरांचे राहिले. 2013 मध्ये जपानी संशोधकांनी मांजरांना परक्यांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले. मालकाचा आवाज मांजरांनी ओळखला, तो ओळखल्याचे कान आणि डोके वळवून दाखवले, आणि हाकेला ओ देण्यासाठी ती जागची मात्र हलली नाहीत. आता प्रश्न विचारावेत.