कानाची खूण

पहाटेचे साडेपाच. इंदूरच्या रामबागेत पोह्यांची फोडणी नुकतीच पडली आहे. कोपऱ्यावर नगर निगमची, म्हणजे महापालिकेची, कुत्री पकडणारी गाडी थांबते आणि वरच्या गॅलरीतून एक आजी ओरडतात, "अहो, आमची काळी नका हो नेऊ!" जाळीवाला मुलगा वर न बघताच म्हणतो, "अम्मा, यहीं छोड़ जाएँगे." आजींचा विश्वास बसत नाही.

पण नियम तसाच आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 सांगतात, की नसबंदी आणि लस झालेला कुत्रा जिथून उचलला, तिथेच परत सोडायचा. भटक्या कुत्र्याला हद्द असते. ती रिकामी झाली, की दुसरे येतात, बिनलशीचे. सलग सात स्वच्छता सर्वेक्षणांत पहिलं आलेलं हे शहर. तरी दारात पोळी टाकणारा हात कुठे थांबतो?

टेबलावर काळी भुलीखाली आहे. गर्भाशय आणि अंडाशय निघतात. मग रेबीजची लस. आणि भूल उतरायच्या आत कानाला छोटी खाच, म्हणजे पुढच्या वेळी गाडी तिला चुकून उचलणार नाही.

इथे एक गफलत नेहमी होते. नसबंदीनं रेबीज थांबत नाही, लशीनं थांबतो. परिसरातल्या साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली, की विषाणूला पुढचं शरीर सापडेनासं होतं. पण कुत्री साधारण 63 दिवसांत विते, वर्षातून दोनदाही. दर वेताबरोबर बिनलशीची पिल्लं येतात आणि गाठलेले 70 टक्के पुन्हा घसरतात. नसबंदी ही घसरण रोखते. जयपुरात हे काम 1994 पासून चालू आहे.

माणसाला रेबीज बहुतेक वेळा कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो आणि लक्षणं दिसल्यावर इलाज जवळजवळ उरत नाही. तरी घरोघरी अजून जखमेवर हळद नाहीतर तिखट चोळलं जातं. त्यापेक्षा साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं! या विषाणूचं वरचं आवरण स्निग्ध असतं, साबणानं ते फुटतं. मग दवाखाना. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच गेली. आता चार-पाच, तीही बहुधा दंडात. जखम खोल असेल, तर तिच्यातच आणखी एक वेगळं औषध.

टाके सुकल्यावर काळी परतते. खांब हुंगते, मग थेट आजींच्या पायरीवर. आजी चष्मा सावरून कान बघतात. "अगं बाई, कापलाच की!" म्हणत पोळीला तूप लावतात.

पलीकडच्या गल्लीत उभ्या गाडीखाली एक तांबडी कुत्री चार पिल्लांना पाजते आहे. तिचे दोन्ही कान अखंड आहेत.